फोन सरांकडे आला होता

यंदा चैत्रातच टँकर सुरू झाले. आमच्या विभागाच्या खिडकीखाली मागची गल्ली आहे, तिथे सकाळपासून पाण्याची निळी प्लास्टिकची टिपाडं रांगेत उभी असतात. माणूस एक नसतो, नुसती टिपाडंच नंबर धरून. ओळखू यावं म्हणून कुणी टिपाडावर धोंडा ठेवलेला, कुणी एकच चप्पल, कुणी लेकराची फाटकी टोपी. मग टँकर मागे सरकताना टीं-टीं वाजायला लागतो आणि सगळी घरं एकदम बाहेर येतात. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींच्या खोल्या त्या गल्लीत आहेत, त्यांचं लक्ष फळ्यावरून उडतं. मी त्यांना जाऊ देते. रासायनिक समतोल तासाभराने शिकला तरी बिघडत नाही, पाणी तासाभराने मिळत नाही.

आणि नेमक्या ह्याच दिवसांत जाहिराती येतात. आंब्याचा असतो, लग्नाचा असतो, तसा संशोधनाच्या जागांचाही एक हंगाम असतो. देशातल्या मोठमोठ्या संस्था आपापल्या पानावर लिहितात, अमुक प्रकल्पात पीएचडीसाठी विद्यार्थी पाहिजे, फेलोशिप मिळेल, शेवटची तारीख अमुक. मी त्या छापून विभागाच्या बोर्डावर लावते. टाचण्या अपुऱ्या पडतात. मुलं येताजाता वाचतात, मोबाइलमध्ये फोटो काढतात आणि बरीचशी तिथेच विसरतात. बाहेर कडूलिंब फुललेला असतो, त्याचा तो कडवट गोड वास वाऱ्याबरोबर व्हरांड्यात येतो, खाली टँकर वाजतो, समोर बोर्डावर नवी कोरी जाहिरात. एवढं सगळं एका जागी जमलं की मी पुन्हा त्या उन्हाळ्यात जाऊन उभी राहते. जायचं नसतं, तरी जाते.

तो उन्हाळा शिरूर कासारकडच्या आमच्या गावात मुळात हिवाळ्यातच सुरू झाला होता. एरवी दिवाळीनंतर आमचं गाव ओस पडतं. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला, मागे म्हातारे आणि शाळेतली पोरं. पण त्या वर्षी ऊसच नव्हता. कारखान्यांची धुराडी महिना-दीड महिन्यात थंड झाली आणि गेलेली माणसं अवेळी परत आली. गाव भरलं. बघणाऱ्याला वाटावं जत्राच आहे. फक्त कुणाच्या चुलीपुढे हसणं नव्हतं. हापशाला कोरडी उचकी लागलेली. गावाबाहेरच्या माळावर पाण्याची उंच टाकी होती, तिच्यात थेंब नव्हता, पण तिच्या जिन्याच्या अर्ध्यावर गेलं की मोबाइलला रेंज यायची. त्यामुळे टाकीवर गर्दी असायची. ज्याला पुण्यात भावाशी बोलायचंय, ज्याला मुकादमाशी भांडायचंय, ते सगळे पायऱ्यांवर. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "सरकारनं टाकी बांधली ती कामाला आली बघ. पानी न्हाई तर न्हाई, बोलनं तरी येतंय."

आबा एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात शिपाई होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फायली घेऊन दारोदार फिरलेला माणूस. घरात भिंतीवर एकच फोटो, निळा कोट, हातात पुस्तक, चष्मा. त्या फोटोतला माणूस सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर होऊन आला, हे मला अक्षर ओळखायच्या आधी ठाऊक होतं. आबा मला कधी अभ्यास कर म्हणाले नाहीत. फोटोकडे बोट दाखवायचे, बस.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या गावात कुणाचाच फोन नंबर स्वतःचा नव्हता. म्हणजे फोन होते पुष्कळांकडे, पण कागदावर टाकायची वेळ आली की नंबर तात्यांचा. तात्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीचा फॉर्म असो, छावणीत जनावर दाखल करायचं असो, पोराची शाळा असो, लिहिणारा विचारायचा, नंबर? आणि माणूस बिनदिक्कत म्हणायचा, "तात्याचाच टाका." एक तर तात्यांचं घर टाकीशेजारी, माडी टाकीच्या अर्ध्या जिन्याएवढी उंच, त्यांना घरात बसून रेंज. दुसरं म्हणजे, आलेल्या फोनवर मोठ्या आवाजाचा, चार साहेबांना ओळखणारा माणूस बोलला तर वजन पडतं, अशी सगळ्यांची खात्री. आपण स्वतः बोललो तर काय, "हा साहेब, हो साहेब" म्हणून ठेवून देऊ. सगळा सहकार ह्याच पायावर उभा होता. सभासद शेकडो, आवाज एकाचा. ह्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. पाण्यातल्या माशाला पाणी ओलं वाटत नाही म्हणतात, त्यातली गत.

एम.एस्सी. रसायनशास्त्र मी अंबाजोगाईला केलं, आता जिथे शिकवते त्याच कॉलेजात. शेवटच्या वर्षी मला कळलं की पीएचडी करायला पैसे मिळतात. हे मायला समजावताना माझी दमछाक झाली.

"शिकायचं आन वर तेच पैसे देनार? म्हंजी नोकरी हाय म्हन की."

"नोकरी नाही गं. शिकायचंच."

"मंग देत्यात कावून?"

"काम करायचं ना तिथं. प्रयोग करायचे. नवीन काहीतरी शोधायचं."

मायने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "लई चांगलं हाय. पर कुनाला सांगू नगस. फसवाफसवी असंल." तिचं सगळं आयुष्य शिकायला पैसे लागतात ह्या एका सत्याभोवती फिरलेलं. कानातलं गेलं ते माझ्या अकरावीला. त्यामुळे शिकणाऱ्याला उलटे पैसे देणारं जग तिला भोंदू वाटलं, ह्यात नवल नाही.

बीडच्या बस स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. गावाकडे जाताना बीडला गाडी बदलावी लागे, तेवढ्या वेळात मी तिथे बसायचे. जागा शोधायच्या, प्राध्यापकांची नावं काढायची, त्यांना ईमेल करायचे. हे कसं करायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. मला अर्ज लिहिता यायचा, म्हणून मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, मी खाली सही करणार अमुक, राहणार अमुक, तालुका अमुक. वर दुष्काळग्रस्त भाग असल्याचा उल्लेख. सोबत रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला जोडलेला. जर्मनीतल्या एका प्राध्यापकाला मी शिरूर कासारच्या तहसीलदारांच्या सहीशिक्क्याचा दाखला पाठवला होता. त्याने उत्तर दिलं नाही ह्याचं तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, बिचारा बरेच दिवस तो गोल शिक्का निरखत बसला असेल.

आणि मग सर. सरांबद्दल लिहिताना हात अजून सरळ चालत नाही. आमच्या समाजातले, आमच्या भागातले पहिले डॉक्टरेट झालेले माणूस. परजिल्ह्यात शिकून आले, मोठ्या शहरात राहू शकले असते, पण परत आले. जयंतीला त्यांचं भाषण ऐकायला आबा सायकलवरून आलेले मला आठवतात. वर्गात सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "प्रज्ञाचा हात बघा. शेवटचा थेंब कधी थांबवायचा हे हिला सांगावं लागत नाही." तो दिवस मी कितीतरी वर्षं जपून वापरला. मला त्यांना "जय भीम सर" म्हणताना नुसतं अभिवादन केल्यासारखं वाटत नसे, घरातल्या वडीलधाऱ्याला आपण घरी आल्याचं सांगतोय असं वाटे.

त्या दुष्काळात सरांनी एक काम अंगावर घेतलं होतं. तालुक्या-तालुक्यांत सहकारी संस्थांनी चारा छावण्या उघडल्या होत्या. तिथलं पाणी कुठून कुठून यायचं, खोल बोअरचं, पडक्या विहिरींचं, कुठल्यातरी तळ्याच्या तळाचं. ते तपासायचं काम सरांच्या प्रयोगशाळेकडे आलं. म्हणजे माझ्याकडे. परीक्षा संपली, हॉस्टेल पाण्यावाचून बंद झालं, मी एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिले आणि दिवसभर बाटल्या तपासत बसले. थंड पेयांच्या जुन्या बाटल्या, त्यांवर चिकटवलेल्या कागदावर गावांची नावं. झाकण उघडलं की त्या त्या गावाचा वास. कुठे शेवाळ, कुठे गंज, कुठे नुसता तापलेल्या प्लास्टिकचा. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडत जायचं, लाल द्रावण जांभळं होत होत अचानक निळं होतं, तिथे थांबायचं. पाण्याचा जडपणा त्यावरून कळतो. बाहेर झळा, पंख्याला वीज नाही, आणि आत ते एवढंसं निळं. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

जाहिरात तेव्हाच सापडली. दक्षिणेतली एक मोठी संस्था, खोल बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा प्रकल्प, पीएचडीची एकच जागा, फेलोशिपसकट. मी ती कॅफेत उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. आमच्या गावात ह्याच फ्लोराइडने दात पिवळे पडलेली पोरं होती. माझ्या मावशीचे गुडघे चाळिशीत वाकले होते. हे काम माझ्यासाठीच कुणीतरी काढून ठेवलंय, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी वस्तू अशी हवीशी वाटली की भूक मेली.

सरांनी अर्ज वाचला, दाखले काढून टाकायला लावले, दोन वाक्यं सुधारली. फोन नंबरच्या जागी माझी लेखणी थांबली. गावात रेंज नाही, मैत्रिणीच्या खोलीवर मी किती दिवस असणार. सर म्हणाले, "माझाच टाक." मला एवढं हायसं वाटलं! तात्यांचा नंबर टाकणारी माणसं आणि सरांचा नंबर टाकणारी मी. मला ती बढती वाटली.

मुलाखत फोनवर झाली, सरांच्या केबिनमध्ये, सरांच्या मोबाइलवर. आवाज नीट यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्यापुढे सरकवलं. तिकडून बाईंचा आवाज, शांत, थोडा घाईतला. त्यांनी विचारलं, बोअर खोल गेली की फ्लोराइड का वाढतं? मी म्हटलं, पाणी जितकं खोल, तितकं ते खडकाशेजारी जास्त काळ बसून राहतं, आणि ज्याच्याशेजारी बसावं त्याचं थोडं थोडं अंगात उतरतंच. पुस्तकातलं उत्तर नव्हतं ते, पण बाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही ह्याच नंबरवर कळवू, तुम्ही येणार म्हणालात की मग पत्र पाठवू. फोन बंद झाल्यावर सर म्हणाले, "जिंकलीस." त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. माझ्यासाठी एवढा घाम गाळणारा माणूस, असं मनात येऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी गावी गेले आणि वाट बघितली. वाट बघण्याचाही एक वास असतो. माझ्या लेखी तो तापलेल्या लोखंडी जिन्याचा. रोज दुपार कलली की मी टाकीच्या पायऱ्या चढायचे आणि आबांच्या फोनवरून सरांना लावायचे. "सर, काही आलं का?" "नाही गं, येईल. मोठ्या संस्था आहेत, वेळ लागतो." त्या पायऱ्यांवरून छावणीचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, रांगेत बांधलेली गुरं दिसायची, बाहेरून आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा, शेंड्यांचा हिरवा ढीग दिसायचा. सगळ्या माळावर तेवढाच हिरवा रंग.

त्याच दिवसांत छावणी हलली. चारा शेजारच्या गावात उतरणार, जो आधी जाईल त्याच्या जनावराला जागा, असा निरोप वरून आला. आला अर्थातच तात्यांच्या फोनवर. तात्यांनी आधी स्वतःची नेली, मग भावकीची, मग सोयऱ्यांची, आणि मग गावाला सांगितलं. आमची गाय आबा घेऊन गेले तेव्हा दावणी भरल्या होत्या. ते तिला चालवत परत घेऊन आले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. गावाने चार दिवस तात्यांना शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी विम्याचे फॉर्म आले आणि लिहिणाऱ्याने विचारलं, नंबर? "तात्याचाच टाका." मी ओट्यावर बसून हे ऐकत होते आणि हसत होते. गावाला अक्कल नाही, असं वाटत होतं.

मग एका दुपारी तात्यांचा पोऱ्या निरोप घेऊन आला. अंबाजोगाईहून सरांचा फोन आला होता. निरोप असा होता की बाटल्या फार साठल्यात, पोरीला पाठवून द्या.

गेले. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर बाटल्याच बाटल्या. मी कामाला लागले. सर आत आले, उभे राहिले, माझ्या हाताकडे बघू लागले. मग अगदी सहज म्हणाले, "अगं, तो फोन आला होता बरं का."

"कधी सर?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. बाई म्हणत होत्या, निवड झालीय, येणार का विचारा. मी म्हटलं, अवघड आहे मॅडम. गावाकडे दुष्काळ, घरी पाण्याचे हाल, वडील शिपाई. एकटी मुलगी एवढ्या लांब कशी यायची? मी सांगितलं त्यांना, मुलगी आमचीच आहे. आम्ही इथेच करू काहीतरी तिचं."

पंधरा-वीस दिवस. म्हणजे मी जिन्यावरून विचारत होते तेव्हा फोन येऊन गेलेला होता.

ब्युरेटचा नळ माझ्या हातात उघडाच होता. द्रावण निळं होऊन गेलं, तरी थेंब पडत राहिले. सर म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं? आणि तू गेलीस तर हे सगळं कोण बघणार?" हे त्यांनी हसत म्हटलं. त्यांच्या आवाजात ओशाळलेपणा नव्हता, चोरी नव्हती. लपवायचं असतं तर त्यांनी लपवलं असतं. त्यांनी मला ते आनंदाने सांगितलं, मुलीचं लग्न ठरवून आलेला बाप सांगतो तसं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं सर." मग ते द्रावण ओतून दिलं आणि नवीन घेतलं.

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन कॅफेत बसले आणि बाईंना लिहिलं, मी येऊ शकते, मी येते, आजच निघते. त्यांचं उत्तर आलं, सौम्य आणि छोटं. तुमच्या सरांनी तुम्ही येऊ शकत नाही असं कळवल्यामुळे यादीतला पुढचा उमेदवार घेतला, तो रुजू झाला, पुढच्या वर्षी प्रयत्न करावा. पुढच्या वर्षी ती जागा नव्हती. तशा जागा वळवाच्या पावसासारख्या, पडतात त्याच शेतात पडतात आणि शेजारचं कोरडं राहतं.

घरी सांगितलं तेव्हा आबा फोटोखाली बसले होते. त्यांनी वर फोटोकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मला इचारलं असतं तर म्या पायी पोचवलं असतं तुला." मला वाटलं, आता ते उठतील, अंबाजोगाई गाठतील, सरांना जाब विचारतील. ते उठले, गाईला पाणी दाखवून आले आणि म्हणाले, "पर त्यांना बोल लावू नगं बाई. आपला मानूस हाय." सरांचं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. माय चुलीपुढून म्हणाली, "आपला हाय म्हनून तर गळ्यापतूर हात पोचला. परका असता तर दारातच अडवला असता."

माझ्या घरात खरं बोलणारं माणूस तेवढं एकच होतं.

पुढची वर्षं पटकन सांगते, कारण ती पटकनच गेली. "इथेच करू" म्हणाले ते काही झालं नाही. सर सांगायचे तो प्रकल्प येणार येणार म्हणत आलाच नाही. मी बी.एड. केलं, आबांच्या संस्थेच्या ज्युनियर कॉलेजात शिकवलं, आणि शेवटी पीएचडी केली ती पदरमोड करून, सुट्ट्या जाळून, आणि सरांच्याच हाताखाली. दुसरा मार्गदर्शक जवळपास नव्हता. प्रबंधात ऋणनिर्देश लिहावा लागतो. मी लिहिला. सरांनी तो वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांच्यासमोर उभी राहून खिडकीबाहेर बघत होते. केसाने गळा कापणाऱ्याचे आभार मानायला शुद्धलेखन सांभाळावं लागतं, हे मी तिथे शिकले.

लोक म्हणतात, झालीस ना शेवटी डॉक्टर? झाले. नावामागे लागलं, आबा असेपर्यंत लागलं, हे खरं. पण मला ती पदवी हवी होती असं नाही. मला ते काम हवं होतं. ती शांत घाईतली बाई, ती परकी प्रयोगशाळा, जिथे मला कुणी "आमची" म्हणणार नव्हतं. कधी कधी वाटतं, सरांचं तरी काय चुकलं. दुष्काळात सरकारी टँकर गावापर्यंत येतो आणि पहिली बादली ज्याच्या दारात थांबतो त्याचीच भरते, माणसाचा स्वभाव आहे. असं मनाला समजावत असतानाच मन म्हणतं, प्रज्ञाबाई, टँकर तुझ्या नावाचा होता. मग समजूत तिथेच संपते. कुंपणानेच शेत खाल्लं, तर त्या कुंपणाचा स्वभाव कसला बघायचा?

ह्या वर्षीच्या जाहिरातींमध्ये एक पाण्यावरची होती. पुन्हा दक्षिणेकडचीच, संस्था दुसरी. माझी विद्यार्थिनी शीतल ती बोर्डावरून काढूनच घेऊन आली. ऊसतोडीवाल्या घरातली, हुशार, बडबडी, हात अगदी सरळ. तिने मैत्रिणीच्या मोबाइलवर अर्ज भरून मला दाखवला. सगळं नीट होतं. फोन नंबरच्या जागी माझा नंबर.

"हा का टाकलास?"

"घरी येकच फोन हाय मॅडम, बापाकडं. तो कारखान्यावर. आन तुमी उचलला तर वजन पडंल."

मी त्या नंबरवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "काढ तो. स्वतःचं कार्ड घे, स्वतःचा नंबर टाक." तिला वाटलं मी गंमत करतेय. "कावून मॅडम? लई तरास न्हाई होनार तुमाला." मी आवाज चढवला, "माझा नंबर मी कुणाच्या अर्जावर टाकू देत नाही." सगळी गोष्ट तिला सांगायला हवी होती, पण ती तोंडातून बाहेर येईना, इतकी वर्षं आत बसून घट्ट झालेली. शीतलने नंबर पुसला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. मॅडमला आपलं ओझं झालं. आपल्या मानलेल्या माणसाने ऐन वेळी हात काढून घेतला. जाहिरातीची घडी घालून ती निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी म्हटलं, असू दे, फोन तिच्या हातात वाजला म्हणजे पुरे.

परवा विभागात पेढे आले. शिपाई वाटत होता, म्हणाला, शीतल लागली. माझ्या टेबलाशी तो घुटमळला. बॉक्स रिकामा झाला होता. मला आनंद झाला, आणि त्या रिकाम्या बॉक्सचं दुःखही झालं, दोन्ही एकदम. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सरांचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघ्यांनी घरात बसवलंय, तरी अडलेली मुलं अजून त्यांच्याच दारी जातात, आणि आवाज तोच.

"प्रज्ञा, आपली शीतल लागली, कळलं का? आली होती बिचारी रडवेली होऊन. तू नंबर द्यायला नाही म्हणालीस म्हणे. मी म्हटलं, रडतेस कशाला, माझा टाक. परवा त्यांचा फोन आला की! मी लगेच सांगितलं, मुलगी आमचीच आहे, उद्या गाडीत बसवतो. आत्ताच पेढे देऊन गेली."

तेच वाक्य. तोच नंबर. फक्त आता सरांपाशी प्रयोगशाळा नव्हती, साठलेल्या बाटल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून आपोआप आलं.

"सर, मग माझ्या वेळी तुम्ही नाही का म्हणालात?"

त्यांना खरंच आठवावं लागत होतं, हे मला फोनवरूनही कळलं.

"तुझ्या वेळी होय?" सर म्हणाले. "अगं, तुझ्या वेळी दुष्काळ होता ना."

खिडकीखाली टँकर मागे सरकत होता. टीं-टीं वाजत होतं, आणि बायका टिपाडांवरचे धोंडे बाजूला काढत होत्या.